कुत्र्यांच्या घरात ससा: पडवीतला पिंजरा की आतली खोली?

घरात कुत्री असताना ससा आणायचे ज्यांचे ठरले आहे, त्यांच्यापुढे गोव्यातल्या कौलारू घरात दोन वाटा असतात. पडवीत मोठा पिंजरा, नाहीतर आतली एक खोली मोकळी करून तिला अर्धा दरवाजा. सगळ्यांना एकत्र सोडून ‘होईल सवय’ म्हणणे मी वाटेत धरतच नाही. गरीब स्वभावाचा कुत्राही पळत्या सशामागे धावतो, आणि चावायचीही गरज नसते. लाडात येऊन टाकलेला एक पंजा सशाच्या नाजूक पाठीला पुरे होतो.

फोंड्याजवळच्या आमच्या घरात मी दोन्ही करून पाहिले. भुरी पहिले दहा महिने पडवीत होती, गेली तीन वर्षे आत आहे. कुत्रे दोन. मोती गावठी, पानही हलले की भुंकणारा. ब्रुनो लॅब्राडोर, शांत, अनोळखी माणसापुढेही शेपूट हलवणारा.

पडवीची बाजू दुबळी नाही. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. एप्रिल-मेमध्ये पारा ३३-३४ अंशांवर आणि हवा दमट, अशा वेळी चिऱ्याच्या भिंतीलगत, वाहत्या वाऱ्यात त्याला त्यातल्या त्यात बरे वाटते. दुपारी वीज गेली की आतली खोली कोंदते, पडवी कोंदत नाही. झाडलोट सोपी, मुताचा वास घरात येत नाही. आई अजूनही पडवीच्याच बाजूची आहे.

पावसाळ्यात मात्र हे चित्र पालटते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तिरक्या सरी पिंजऱ्यापर्यंत पोचतात, सुक्या गवताला बुरशी धरते आणि तसले गवत सशाला घालता येत नाही. शेपटीखालचे केस माखलेले राहिले तर माशा तिथे अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होऊ शकतात, म्हणून रोज उचलून पाहावे लागते. कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर शिरल्याची बातमी आमच्या वाड्यावर नवीन नाही, तेव्हा जाळी बारीक आणि जाड हवी. तळाशी जाळी नको, फळी हवी, नाहीतर तळपायांना जखमा होतात. हे सगळे निस्तरता येते. मी निस्तरलेही होते.

मला पडवी सोडायला लावली ती ब्रुनोच्या नजरेने.

भीती मला मोतीची होती. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की तो जीव तोडून भुंकतो. भुरी पहिला आठवडा दचकली, मग नुसते कान हलवून पुन्हा खायला लागली. आवाज येतो आणि जातो. ब्रुनो मात्र जाळीला नाक लावून, डोळे तिच्यावर रोखून तासन्‌तास पडून राहायचा. भुंकणे नाही, खरवडणे नाही. आलागेला म्हणायचा, ‘काय मैत्री आहे बघा!’ मलाही तसेच वाटायचे, मी फोटोही काढले.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. नाकासमोरचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. म्हणजे भुरीने तोंड फिरवले तरी ब्रुनो तिला दिसतच होता. ती दगडासारखी बसून राहायची आणि आम्ही त्याला तिचा शांतपणा समजलो. रात्री ती मागचे पाय फळीवर आपटायची, ती धोक्याची सूचना असते. लेंड्या बारीक होत चालल्या होत्या, तेही मी गवतावर ढकलले.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरले. ब्रुनोला तिथून उठवायला कुणाला सवड झाली नाही. संध्याकाळी घातलेली कोथिंबीर तशीच राहिली आणि सकाळी पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. डॉक्टरांनी सांगितले की सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही तर वाट बघत बसायचे नाही. आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, दुखते म्हणून तो आणखी खात नाही आणि त्यातच जातो. दोन दिवस सिरिंजने पातळ खाणे भरवले. वाचली. त्या दोन दिवसांत मी ते सगळे फोटो पुन्हा पाहिले. एकाही फोटोत ती खात नव्हती.

ब्रुनोला बांधून पाहिले, तो दिवसभर कण्हत राहिला. पिंजऱ्याला पडदा लावला, तो नाकाने उचलायचा. तीन बाजूंनी फळ्या ठोकल्या तर वारा बंद झाला, आणि वाऱ्यासाठीच तर पडवी निवडली होती.

मग कोठीची खोली रिकामी केली. सुताराकडून छातीइतका अर्धा दरवाजा करून घेतला, खालपासून वरपर्यंत भरीव. बाजारात लहान मुलांसाठी गजांची फाटके मिळतात, ती घेऊ नका. लहान ससा गजांतून निसटतो आणि नजरही तशीच आत येते. खोलीत दोन तोंडांची एक लाकडी पेटी ठेवली, एकीकडून शिरून दुसरीकडून निघता येईल अशी. तीनेक आठवड्यांत लेंड्या पुन्हा वाटाण्याएवढ्या झाल्या. आजही सकाळी मी आधी त्याच बघतो.

खोलीचा त्रास आहेच. वायरी कुरतडते, त्या प्लॅस्टिकच्या पाइपांत घालाव्या लागल्या. गुळगुळीत लादीवर पाय घसरतात म्हणून गोधड्या पसरतो आणि जुलैत त्या वाळता वाळत नाहीत. वास नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर बराच कमी झाला, आता ती एकाच कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये जाते. मेमध्ये वीज गेली की गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवतो. शिवाय तिच्यासाठी मुद्दाम वेळ काढावा लागतो. पडवीत ती येताजाता दिसायची.

दोन्हीकडे लागू असलेली एक गोष्ट जपा. पावसाळ्यात कुत्र्यांना गोचिडी होतात आणि आपण औषध लावतो. त्यातल्या पुष्कळ औषधांत फिप्रोनिल असते आणि ते सशाला विषारी आहे. सशाला ते कधीच लावू नका. पिंजरा असेल तर कुत्रा जाळीला अंग घासतो आणि ससा तीच जाळी चाटतो, हेही ध्यानात असू द्या.

पर्वरी-मडगावच्या फ्लॅटमधली बाल्कनी मी पडवीत धरणार नाही. पश्चिमेचे ऊन असेल तर ती पडवीहून वाईट.

माझा अनुभव दोन कुत्र्यांचा आणि एका सशाचा आहे, तुमचे कुत्रे वेगळे असू शकतील. ससा आणण्याआधी एक करून पाहा. शेजारची कोंबडी अंगणातून जात असताना कुत्र्याला हाक मारा. त्याने मान वळवली आणि पुन्हा तिकडे पाहिले नाही, तर पडवीचा विचार करायला हरकत नाही. मान वळलीच नाही तर आधी सुताराला बोलवा.