‘अप्रेझ’ की ‘असेस’? मूल्यांकनाचा अहवाल लिहिणाऱ्यांसाठी

सदनिकांच्या मूल्यांकनाचे अहवाल इंग्रजीत लिहिणाऱ्याला या दोन क्रियापदांपैकी एकाशी घरोबा करावाच लागतो. ‘इव्हॅल्युएट’ मी आधीच बाजूला ठेवतो. ते एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रुळले, तेही आधी गणितात, आणि मला तरी त्यात अजून उत्तरपत्रिकाच दिसतात.

व्युत्पत्तीने पाहिले तर पारडे ‘अप्रेझ’कडे झुकायला हवे. लॅटिनमधील ‘प्रेटियम’ म्हणजे किंमत. तेथून फ्रेंचमार्गे आलेले हे क्रियापद 1400च्या सुमारास किंमत ठरवणे याच अर्थाने इंग्रजीत दिसू लागले. ‘प्राइस’ आणि स्तुतीचा ‘प्रेझ’ हे त्याचेच भाऊबंद. ‘असेस’चे मूळ मात्र ‘शेजारी बसणे’ हे आहे, कारण न्यायाधीशाशेजारी बसणाऱ्या साहाय्यकाकडे पुढे कर आणि दंडाची रक्कम ठरवण्याचे काम आले. महापालिकेच्या मालमत्ता कराला मुंबईकर आजही ‘असेसमेंट’ म्हणतात, तो हाच जुना अर्थ.

तरीही माझा कौल फिरला तो ‘अप्राइज’मुळे. त्याचा अर्थ कळवणे, स्पेलिंगमध्ये ‘अप्रेझ’शी फरक एका ‘ए’चा (appraise आणि apprise), आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने संगणक बहुधा चूक दाखवत नाही. त्यातच ‘अप्राइज’ झेड घालून लिहिला की तो दोन्ही अर्थांनी शब्दकोशात सापडतो. दादरच्या एका सोसायटीला आलेले एका सल्लागाराचे पत्र मी पाहिले आहे: ‘समितीला कळवण्यात येते’ असे म्हणायचे होते, पण त्या जादा ‘ए’मुळे खुद्द समितीचीच किंमत ठरवली गेली होती, आणि सेक्रेटरींनी त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून ते पत्र बैठकीत फिरवले होते.

‘असेस’ही अगदी निर्धोक नाही, शेवटचा ‘एस’ गळला तर थेट गाढवे अवतरतात, पण निदान ती लगेच नजरेत भरतात. घरमालकाला या शब्दाने कर वाढण्याची धास्ती वाटू शकते, हेही मान्य. सोनेतारण कर्जासाठी दागिने पारखणाऱ्याला मात्र सगळे ‘अप्रेझर’च म्हणतात, तिथे बदल करू नये, अमेरिकेत घराची किंमत ठरवणाऱ्यालाही हेच नाव असल्याने अहवाल तिकडच्या बँकेत जाणार असेल, तर ‘अप्रेझ’ वापरावे आणि सही करण्यापूर्वी तो ‘ए’ तेवढा पुन्हा पाहून घ्यावा. बाकी ठिकाणी मी ‘असेस’च लिहितो.