कार विम्याची पॅकेज पॉलिसी: सक्तीचं कव्हर आणि घेण्याजोगे ॲड-ऑन

एजंटच्या तोंडी जो ‘फुल इन्शुरन्स’ असतो, त्या पॅकेज पॉलिसीतला थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा) भाग मोटार वाहन कायदा 1988, कलम 146 नुसार सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याचा दर सरकारच ठरवतं, म्हणून इथे कंपन्यांची तुलना करत बसू नका. 1 जून 2022 पासूनच्या दरांत खाजगी कारला वर्षाला 1000 सीसीपर्यंत 2,094, 1500 सीसीपर्यंत 3,416 आणि त्यापुढे 7,897 रुपये, जीएसटी वेगळा. यातून स्वतःच्या गाडीला छदाम मिळत नाही. नव्या कारला हा भाग तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो, ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान भरणारा भाग) मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो भरायचा राहिला, तर ते नेमकं गाडी ठोकल्यावर कळतं.

मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हरही घ्यावं लागतं. तेवढ्या रकमेची वैयक्तिक अपघात पॉलिसी आधीच असेल तर तसं लिहून देऊन ते वगळता येतं.

खरी मेख आहे ती ओन डॅमेजच्या घसाऱ्यात, म्हणजे भाग जुना झाला म्हणून क्लेममधून होणाऱ्या कपातीत. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडीच्या पहिल्या दिवसापासून 50 टक्के कापतात. काचेवर शून्य. पत्र्यावर वयानुसार: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 15 टक्के, पाच वर्षांनंतर 40. अडीच वर्षांच्या, 1200 सीसीच्या गाडीचं उदाहरण घ्या. बंपर 8,000, प्लास्टिकचा हेडलॅम्प 6,000, बॉनेट 10,000, मजुरीसकट पेंटिंग 6,000. बिल 30,000. घसारा अनुक्रमे 4,000, 3,000, 1,500 आणि 750 (पेंटिंगच्या एकत्र बिलात चौथा हिस्सा रंगसामानाचा धरून त्याच्या निम्मे कापतात). वर सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेमला आपण सोसायची ठरलेली रक्कम) 1,000. खिशातून 10,250 रुपये! झीरो डेप (घसारा न कापणारा ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता देऊन घेतलेलं जोडकव्हर) असेल तर यातले फक्त 1,000 उरतात. पहिली पाच वर्षं हा ॲड-ऑन निःसंकोच घ्यावा. ‘बंपर टू बंपर’ या त्याच्या दुसऱ्या नावावर मात्र भाळू नका: ऑइल, कूलंट, नटबोल्ट यांना कन्झ्युमेबल्स हा वेगळा ॲड-ऑन लागतो आणि बऱ्याच कंपन्या वर्षाला दोनच क्लेम देतात.

मुंबई-ठाण्यात गाडी रस्त्यावर किंवा बेसमेंटमध्ये लागत असेल तर इंजिन प्रोटेक्ट हा ॲड-ऑन हवाच. गाडी नुसती बुडाली तर साध्या पॉलिसीतही क्लेम बसतो. पण पाण्यात स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे परिणामी नुकसान म्हणून नाकारलं जातं. ॲड-ऑन असला तरी स्टार्टर मारू नका, टो करून न्या. काही पॉलिसींत पाण्यात पुन्हा पुन्हा स्टार्ट केलेली गाडी याही कव्हरमधून बाद होते, ती अट आधी वाचा.

रिटर्न टू इन्व्हॉइस नव्या गाडीपुरतं ठीक. दुरुस्ती आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या घसारा-वजा किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेली की गाडी टोटल लॉस धरतात आणि आयडीव्ही मिळते. बिलातली किंमत आणि ती, यांतली दरी हे भरतं. किल्ली, टायर, सामान यांची कव्हर सोडून द्या.

एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट) 20 टक्क्यांपासून पाचव्या बिनक्लेम वर्षाला 50 पर्यंत चढतो, आणि एका क्लेमने शून्यावर येतो. एनसीबी 50 टक्के आणि ओन डॅमेजचा मूळ हप्ता 9,000 असेल तर पुढच्या एकाच वर्षात 4,500 गेले. म्हणून तीन-चार हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकू नये. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तरी एनसीबी जातो. एनसीबी गाडीचा नव्हे, मालकाचा: गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, नव्या गाडीला लागतं. बाहेरून बसवलेला सीएनजी किट मात्र आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर चढवा, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला तोच मुद्दा काढतो.