कायमची थर्ड घ्यायची की फिरती?

भोसरीत मी आधी पाच वर्षं कायमची थर्ड शिफ्ट केली, रात्री 10 ते सकाळी 6. आता चार वर्षं फिरतीवर, म्हणजे दर आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टवर आहे. नवीन पोरं विचारतात, "दादा, नाईट अलाउन्स मिळतो, कायमचीच घेऊ का?" पैशाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी झोपेचा सांगतो.

कायमच्या थर्डला झोपेची वेळ रोज तीच, हा खरा फायदा. पण शरीर पूर्ण रुळतं असं काही नाही. घरी येताना सकाळचं ऊन डोळ्यांवर पडतं, की मेंदू उठायची तयारी करतो. म्हणून मी काळा गॉगल लावून यायचो. गल्लीतली माणसं हसायची. खिडकीला काळा कार्डशीट चिकटवला होता, तरी 11 वाजता भंगारवाल्याचा भोंगा यायचाच. त्यात रविवारी घरच्यांबरोबर रात्री 10 ला आडवं झालं, की सोमवारी सगळं पहिल्यापासून. सुट्टीच्या रात्री 3 ला झोपून सकाळी 11 ला उठलं, तर शरीराचं घड्याळ फार मागे जात नाही. एकट्या राहणाऱ्याला हे जमतं. आमच्याकडे पोरीची शाळा सुरू झाली आणि गणित बिघडलं.

फिरतीत शरीर रुळतंय तोवर आठवडा संपतो. तरी तीनातले दोन आठवडे रात्रीची झोप मिळते. इथे एकच गोष्ट नीट विचारून घ्या: चक्र कुठल्या दिशेने फिरतं? फर्स्ट (सकाळ), सेकंड (दुपार), थर्ड (रात्र) असं पुढे जात असेल तर सोसतं. बहुतेकांचं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं सोपं, लवकर झोपणं कठीण. उलट्या चक्राने माणूस पिचतो. तसं असेल आणि घरी लहान मूल नसेल, तर मी कायमची थर्ड घेईन. नाहीतर फिरतीच.

धोका दोन्हीकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. इन्सुलिन घेणाऱ्याने किंवा फिट येणाऱ्याने आधी डॉक्टरांशी बोलावं, मग सही करावी.

खाण्याचं म्हणाल, तर कँटीनची 2 वाजताची मिसळ मी सोडली, तशी पोटातली जळजळ गेली. पोटभर जेवण निघण्याआधी घरीच, मध्यरात्री एक भाकरी आणि भाजी. चहा शेवटचा 1 ला. त्यातलं अर्धं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं, आणि 3 चा चहा 8 वाजता झोपू देत नाही. 4 च्या सुमाराला डोळे मिटायला लागतातच. सुपरवायझर चांगला असेल तर वीस मिनिटांची डुलकी मागून घ्या.

आणि कुठलीही शिफ्ट घ्या, थर्ड सुटल्यावर बाईक नको. कंपनीची बस आहे का, हेसुद्धा अलाउन्सबरोबरच विचारा.