घोडबंदरला घेतलेला पातळ विंडचीटर आणि ड्रायफिट टीशर्ट, ट्रेकवाल्यांसाठी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका दुकानातून फुल बाह्यांचा पॉलिस्टरचा टीशर्ट आणि पातळ विंडचीटर घेतला, ऑक्टोबरात कळसूबाईला घालून गेले आणि खरं सांगते, हे आधीच घ्यायला हवं होतं. इतकी वर्षं कॉटन घालून जायचे, पण कॉटन घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही, मग वर वारा लागला की पाठ गारठते. कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि हजार मीटरला साधारण ६ डिग्री तरी तापमान उतरतं, त्यामुळे खाली घामाच्या धारा आणि वर हुडहुडी असं होतंच. ह्यावेळी शिड्या चढताना नुसता टीशर्ट, माथ्यावर बसल्या बसल्या लगेच विंडचीटर चढवला, दहा-पंधरा मिनिटांत पाठ कोरडी! घडी केली की मुठीत मावतो, सॅकच्या बाजूच्या जाळीत बसतो.

एकच तक्रार, चेन हनुवटीपाशी आतल्या कापडात अडकते, दोनदा जोर लावून सोडवावी लागली. आणि हा पावसाळ्याचा नाही हां, रिमझिम झेलेल पण धो धो पावसात रेनकोटच लागणार. येऊरच्या सकाळच्या फेरीला तर टीशर्ट एकटाच पुरतो. साइज एक नंबर मोठी घ्या, म्हणजे आत अजून एक थर बसतो.