सैन्यातली नवी गुरखा, स्कॉर्पिओ, सफारी की जुनी जिप्सी: कोणती कशी ओळखायची अन् मळ्यासाठी कोणती घ्यायची

शिरपूरच्या पुढे पळासनेरकडे ट्रेलरवर हिरव्या गाड्या लादून चालल्या की भावकीतल्या कोणाचा ना कोणाचा फोटो मला येतोच, "भो, हाई कोनती शे?" आणि पाचातले चार जण आधीच जिप्सी म्हणून मोकळे झालेले असतात, कारण हिरवी, चौकोनी अन् मागं ताडपत्री म्हणजे जिप्सी हे आपल्या डोक्यात लहानपणापासून फिट्ट बसलंय. आता यावलकडचा माझा मावसभाऊ केळीच्या मळ्यासाठी फोर बाय फोर म्हणजे चारी चाकांना ताकद जाणारी गाडी बघतोय, त्याला "मिलिटरीत नवीन आली तीच" पाहिजे, सतरा-अठरा लाखापर्यंत ताणायची तयारी आहे, आणि दुसऱ्या बाजूनी एका एजंटनी त्याला साडेचार लाखात "आर्मी ऑक्शनची जिप्सी" दाखवून ठेवलीय. फोनवर तुकड्या तुकड्यात सांगून होत नाही म्हणून सगळं इथं लिहितो, तुमच्यापैकी पण कोणी याच विचारात असेल तर कामाला येईल.

पहिले एक गोष्ट डोक्यात बसवा, सैन्य गाडी नावानी मागत नाही, कामानी मागतं. जीएस म्हणजे जनरल सर्व्हिस आणि त्याच्या पुढचा आकडा म्हणजे गाडीनी किती किलो वजन वाहायचं. जिप्सी ५०० किलोच्या वर्गातली. नंतर सैन्यानी ८०० किलो, पक्कं छत आणि एसी अशी मागणी काढली, त्यातून टाटाची सफारी स्टॉर्म निवडली गेली, २०१७ मध्ये ३,१९२ गाड्यांचा करार झाला आणि तिला सगळे जीएस ८०० म्हणायला लागले. मग २७ मार्च २०२५ ला संरक्षण मंत्रालयानी फोर्स मोटर्स आणि महिंद्रा दोघांशी मिळून सुमारे ५,००० हलक्या गाड्यांचा करार केला, त्या पण ८०० किलोच्याच, फोर बाय फोर, पण सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छताच्या. यातल्या २,९७८ गाड्या फोर्सच्या गुरखा आहेत, सैन्य आणि हवाई दल दोघांसाठी. लोकांचा घोळ इथंच होतो, कारण ८०० किलो म्हटलं की काही जण सफारी समजतात अन् ताडपत्री दिसली की जिप्सी समजतात, आणि समोर उभी असते गुरखा.

म्हणून मी पहिले छत बघतो. छत पक्कं असेल तर बहुतेक सफारी किंवा स्कॉर्पिओ, कापडी असेल तर जिप्सी, नवीन गुरखा किंवा त्याच करारातली महिंद्राची.

कापडी छतात जिप्सी की गुरखा हे लांबून ओळखायचं तर उंची आणि चाकं बघा. जिप्सी बाजूला उभी केली तर गुरखापुढे लहान भावासारखी दिसते, तिची चाकं १५ इंची अन् टायर बारीक, वजन साधारण एक टन. गुरखा तिच्या दुप्पट वजनाची, बॉनेट उभं अन् उंच. तरी शंका असेल तर खाली वाकून बघा, जिप्सीला चारी बाजूनी पाटे असतात, गुरखाला कॉइल स्प्रिंग. ट्रेलरवरच्या गाडीचं तर हे रस्त्यावरून उभ्या उभ्या दिसतं, धाब्यावर ट्रेलर थांबला असेल तेव्हा दोन मिनिटाचं काम आहे. आणि एक अजून, सैन्यात आधी आलेली एक वेगळी गुरखा पण आहे, लाईट स्ट्राईक व्हेईकल म्हणतात तिला, २०१८ च्या आसपासची, ती नुसती उघडी, दरवाजे नाहीत, पाईपचा सांगाडा अन् वर गन बसवायची सोय. ती खास तुकड्यांसाठी, सामान-माणसं वाहायची नाही, त्यामुळे उघडी गुरखा दिसली की हीच ती नवीन २,९७८ मधली असं धरू नका.

पक्क्या छतात सफारी ओळखायला सोपी, मागच्या सीटवर छत पायरीसारखं उंच होतं ते दुसऱ्या कोणाचं नाही. सैन्याच्या सफारीवर चकाकणारं काही नसतं, मॅट हिरवा रंग, मागं ओढायचा हूक, जेरीकॅनची जागा. स्कॉर्पिओ क्लासिक २०२३ मध्ये आली, जानेवारीत १,४७० चा ऑर्डर अन् त्याच वर्षी जुलैत अजून १,८५० चा, आणि तेव्हाच्या फोटोत नाकावर महिंद्राचा जुना लोगो अन् जुनी जाळी दिसते, शोरूमच्या क्लासिकवर नवीन लोगो असतो. हा फरक वरवरचा वाटतो पण आतला फरक यापेक्षा मोठा आहे, तो खाली सांगतो.

बाकी दोन पटकन. महिंद्राची आर्माडो दिसली तर ती चिलखती आहे, मार्च २०२१ मध्ये १,३०० गाड्यांचा १,०५६ कोटींचा करार झाला, जून २०२३ पासून मिळायला लागल्या, जाड दरवाजे अन् छोट्या काचा बघून कोणी पण ओळखेल. आणि डबल कॅबिनची पिकअप असेल तर टोयोटा हायलक्स, २०२३ मध्ये सैन्याच्या नॉर्दर्न कमांडला म्हणजे उत्तर विभागाला मिळाली.

नंबर प्लेटचं पण सांगतो कारण मावसभावानी विचारलं होतं. काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं, त्यात एक वर टोक केलेला बाण असतो, त्या बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी घेतली ते वर्ष. त्यावरून गाडी नवी की जुनी ते लगेच कळतं. फक्त प्लेटचे आणि तुकडीच्या खुणेचे फोटो ग्रुपवर टाकत जाऊ नका. गाडीचा आकार बघायची हौस मला पण आहे, आजही भुसावळला मिलिटरी स्पेशल उभी असली की मी पाय थांबवतो, पण कोणती तुकडी कुठं चाललीय हे आपल्याकडून बाहेर जायला नको.

आता घ्यायचं कोणती. इथं मी स्पष्ट बोलतो.

स्कॉर्पिओ क्लासिक "आर्मीवाली" समजून घेऊ नका. सैन्याला फोर बाय फोर दिलीय, शोरूमला मिळणारी क्लासिक फक्त मागच्या चाकांवर चालते, १३२ पीएस (इंजिनची ताकद), ३०० एनएम (ओढायचा जोर), रोडला उत्तम, जळगाव-धुळे रोज करायचं असेल तर बिनधास्त घ्या, पण मोर नदीच्या काठचा तुमचा शिवार रस्ता जुलैमध्ये ती काढणार नाही. नाव तेच, बॉडी तीच, अन् ज्यासाठी घ्यायची तीच गोष्ट नाही. फोर बाय फोर स्कॉर्पिओच पाहिजे तर स्कॉर्पिओ-एन कडे जावं लागतं आणि मग हे बजेट पुरतं का ते आधी बघा.

सफारी स्टॉर्म नवीन मिळतच नाही, बंद झाली. जुन्यात फोर बाय फोर वाली सापडते, वरच्या मॉडेलला १५६ पीएस अन् ४०० एनएमचं इंजिन, ताकदीची अन् आरामाची गाडी आहे, आप्पा-जिजींना पंढरपूरला न्यायला हिच्यासारखी नाही. पण जुनी स्टॉर्म घेताना आरसीवर अन् गाडीत दोन्हीकडे फोर बाय फोर आहे का बघा, कारण फोर बाय टू म्हणजे दोनच चाकांवर चालणाऱ्याच जास्त विकल्या गेल्या अन् बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. मळ्यासाठी मी हिला तिसरा नंबर देईन, लांब आहे, केळीच्या दोन बागांमधल्या बोळीत वळत नाही.

मग खरी चुरस जिप्सी अन् गुरखात.

गुरखा शोरूमला तीन दरवाजाची अन् पाच दरवाजाची येते, दोन्ही पक्क्या छताच्या, कापडी छत सैन्यालाच. मे २०२४ ला नवीन आली तेव्हा तीन दरवाजाची १६.७५ लाख अन् पाच दरवाजाची १८ लाख एक्स शोरूम होती. २.६ लिटर डिझेल, १४० पीएस, ३२० एनएम, जमिनीपासून २३३ मिलिमीटर उंच, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते, हवा घ्यायचा स्नॉर्कल कंपनीतूनच येतो. पण माझ्या मते तिची खरी किंमत पुढच्या अन् मागच्या दोन्ही डिफ्रन्शियलला लॉक आहे त्यात आहे. हे नीट समजून घ्या, कारण फोर बाय फोर म्हणजे चारी चाकं सारखी फिरतात असं आपण समजतो अन् तसं नसतं. डिफ्रन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतं, पण त्याचमुळे एक चाक चिखलात गेलं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकालाच जाते अन् घट्ट जमिनीवरचं चाक तसंच उभं राहतं. लॉक लावलं की दोन्ही बरोबर फिरतात. जिप्सीला असं लॉक नाही. म्हणजे जिप्सीचं पुढचं एक अन् मागचं एक चाक अधांतरी गेलं की फोर बाय फोर असून पण ती जागेवर गरागरा करते.

सेकंड हँड गुरखा बघत असाल तर इथं पण व्हेरिएंट ओळखायला लागतं. २०२१ ची गुरखा ९१ पीएस अन् २५० एनएमची होती, चाकं १६ इंची, फोर बाय फोर लावायला लिव्हर. २०२४ नंतरच्यात १८ इंची चाकं अन् फोर बाय फोरला गोल खटका. बाहेरून पटकन कळत नाही अन् विकणारा दोघींना एकच भाव सांगतो, म्हणून आत बसून पहिले खटका आहे की लिव्हर तेवढं बघा.

पण वजन. आपल्या काळ्या मातीत हे सगळ्यात महत्त्वाचं आहे अन् कुठल्याच जाहिरातीत हे येत नाही. दोन पावसाळ्यांआधी चोपड्याकडे एका मित्राच्या मळ्यात रात्रभर पाऊस झाल्यावर त्याची जड पिकअप, फोर बाय फोर असून, बांधाजवळ पोटावर बसली, चाकाभोवती माती अशी चिकटली की टायरची नक्षीच राहिली नाही, आणि त्याच बांधावरून तासाभरानी त्याच्या काकांची जिप्सी टायरची हवा कमी करून निघून गेली, कारण ती रुतायच्या आधीच पुढं सरकते. नंतर पिकअप ट्रॅक्टरनीच काढावी लागली. म्हणून हलकी गाडी म्हणजे कमजोर गाडी असं समजू नका. धडगाव-तोरणमाळ सारख्या दगडी चढाला गुरखा, ओल्या काळ्या रानाला जिप्सी, असं मी डोळे झाकून सांगेन. यावलला दोन्ही आहे, वर सातपुड्याचा मुरूम अन् खाली काळी, त्यामुळे तुमचा मळा नक्की कुठल्या पट्ट्यात आहे त्यावर ठरवा.

जिप्सी घ्यायची तर कोणती हे तर त्याहून महत्त्वाचं. डिसेंबर १९८५ ला आली ती ९७० सीसी, ४५ एचपीच्या आसपास, चार गिअर. १९९६ ला जिप्सी किंग आली, १२९८ सीसी, ६० एचपी, पाच गिअर, पण कार्बोरेटर. २००० पासून एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनवाली, तीच १२९८ सीसी पण सोळा व्हॉल्व्ह अन् ८० एचपी. घ्यायची तर ही शेवटचीच घ्या. बॉनेट उघडून कार्बोरेटर आहे की इंजेक्शन ते बघा अन् आरसीवरची सीसी बघा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांना पुढं नवीन जाळी लावून नवीन म्हणून दाखवतात. साधारण लोकांसाठी विक्री २०१९ ला बंद झाली, सैन्याला त्यानंतर पण जात होती, जून २०२० मध्ये एका महिन्यात ७१८ गेल्या, त्यामुळे अजून बरीच वर्षं लिलावातून जिप्सी निघत राहतील, घाई करायचं कारण नाही. पेट्रोलला मात्र तयारी ठेवा, लिटरला दहा-अकराच्या वर धरू नका, पॉवर स्टिअरिंग नाही, पाटे कडक आहेत, आणि ५०० किलो म्हणजे पंचवीस किलोचे वीस घड, त्यात माणसं बसली तर तेवढे कमी. माल वाहायला जिप्सी घेत असाल तर घेऊ नका, ट्रॅक्टर आहेच.

मारुतीच्या जिम्नीचं पण विचारतील म्हणून सांगतो, जिप्सीची खरी वारस तीच, १०५ पीएस, बाराशे किलोच्या आसपास, लो रेंज गिअर आहे, २१० मिलिमीटर उंच. ती सैन्याच्या या यादीत नाही म्हणून मावसभावाला नकोय, पण काळ्या रानासाठी अन् नवीन गाडीची वॉरंटी पाहिजे असणाऱ्यासाठी मी तिला गुरखाच्या बरोबरीनी धरतो.

आता त्या साडेचार लाखाच्या जिप्सीबद्दल. लिलावातली गाडी असेल तर सैन्याकडून गाडी सोडल्याची कागदं असतात, त्यावर इंजिन अन् चेसिस नंबर असतो, त्याच्यावरच आरटीओत नवीन नंबर पडतो, आपल्याकडे एमएच १९ किंवा एमएच १८. "कागद नंतर करून देतो" म्हणणाऱ्याला टोकन पण देऊ नका. आमच्याच गावातल्या एकाची गाडी अशीच तीन वर्षं गोठ्यात उभी आहे, चेसिस नंबर जुळला नाही म्हणून, अन् बिचाऱ्यानी त्यासाठी दोन म्हशी विकल्या होत्या. दुसरं, हिरव्या रंगाची हौस सोडा, मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाडीला चालतो, रंग बदलायचा खर्च भावातून कमी करून मागा.

उद्या मावसभाऊ ती जिप्सी बघायला चाललाय. त्याला सांगितलंय की मेकॅनिकला सोबत ने, मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चेसिसला स्क्रूड्रायव्हरनी टोचून बघ गंज किती आत गेलाय, पुढचे हब लॉक करून लो गिअरमध्ये ओल्या रानात पन्नास फूट चालव, रोडवर नाही, आणि चेसिस नंबरचा फोटो काढून मला पाठव. तो आला की मी कागदावरच्या नंबराशी जुळवतो, तोवर एजंटला काहीच शब्द द्यायचा नाही.