शेंगा चटणीचे पाकीट आणि त्यावरचा दहा ग्रॅमचा हिशेब

नवी पेठेतून घेतलेली ही शेंगा चटणी सोलापुरातल्याच एका गृहउद्योगाची असून 200 ग्रॅमचे पाकीट 80 रुपयांना मिळते. दाणे कुटलेले असल्यामुळे त्यांचे तेल चटणीत उतरले आहे, लसणाचा वास टिकून आहे आणि तिखट घशाला झोंबत नाही. चवीला ती उत्तम आहे आणि मी ती पुन्हा घेईन. मात्र पाकिटामागचा पोषणमूल्यांचा तक्ता नीट वाचूनच ती ताटात वाढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या तक्त्यात 100 ग्रॅममागे 540 किलोकॅलरी, 42 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि 1600 मिलिग्रॅम सोडियम दिले आहे. शेजारच्या रकान्यात एका सर्व्हिंगमधून, म्हणजे उत्पादकाने धरलेल्या एका वेळच्या वाढणीतून, रोजच्या प्रमाणाचा किती टक्के भाग मिळतो हे छापले असून तिथे सोडियमपुढे फक्त 8 टक्के दिसतात. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांनुसार हे टक्के दिवसाला 2000 किलोकॅलरी, 67 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मीठ, असे धरून काढतात. त्या हिशेबाने आकडा बरोबरच आहे. पण तक्त्याखाली बारीक अक्षरांत सर्व्हिंग 10 ग्रॅमची आणि पाकिटात अशा 20 सर्व्हिंग असल्याचे लिहिले आहे.

कडक भाकरीबरोबर दही किंवा तेल घालून चटणी खाणारा सोलापूरकर 10 ग्रॅमवर थांबत नाही. आमच्या घरच्या काट्यावर एका माणसाची नेहमीची वाढणी 30 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एका जेवणात एकट्या चटणीतूनच 480 मिलिग्रॅम सोडियम, दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ चौथा भाग, पोटात जातो आणि भाकरी, आमटी, लोणचे यांतले मीठ त्यात अजून धरलेलेच नाही. ज्या घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास आहे तिथे हा फरक लहान म्हणता येणार नाही.

सर्व्हिंग म्हणजे इतकेच खावे असा सल्ला नव्हे. ते हिशेबासाठी धरलेले माप असते. अमेरिकेत ही मापे लोक प्रत्यक्षात किती खातात यावरून सरकारी यंत्रणा ठरवते, आणि 2016 च्या बदलात आइस्क्रीमचे माप अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप केले गेले. आपल्याकडे माप उत्पादकाच्या हाती असल्यामुळे दोन पाकिटांवरचे टक्के सरळ ताडून पाहता येत नाहीत. त्याच फळीवरच्या दुसऱ्या चटणीवर सोडियम 9 टक्के होते, म्हणून वरवर ती अधिक खारट वाटते. परंतु तिची सर्व्हिंग 15 ग्रॅमची असल्याने 100 ग्रॅममागे सोडियम 1200 मिलिग्रॅमच पडते, म्हणजे प्रत्यक्षात मीठ तिच्यातच कमी आहे. तुलना करायची असेल तर 100 ग्रॅमचाच रकाना पाहावा आणि मग आपली वाढणी किती ग्रॅमची आहे त्याने गुणून 100 ने भागावे.

या उत्पादकाने 100 ग्रॅमचे आकडे आणि सर्व्हिंगची संख्या दोन्ही दिली आहेत, ही बाब त्याच्या बाजूने नोंदवायला हवी. पुढच्या छपाईत सर्व्हिंग 30 ग्रॅमची धरावी, ती किती चमचे होते तेही लिहावे आणि ती ओळ तक्त्याच्या वर ठळक अक्षरांत घ्यावी, अशी विनंती मी दुकानदारामार्फत त्यांना कळवली आहे.