मोबाइलची अँटी-रेडिएशन चिप: डेमोला पाच स्टार, चिपला एक (तोही झिरोचा ऑप्शन नाही म्हणून)

फोनच्या मागे चिकटवायची ती सोनेरी गोल चिप, जी म्हणे 99% रेडिएशन शोषून घेते, ती मी मुद्दाम विकत घेतली. विश्वास होता असं अजिबात नाही, पण डेमो बघितल्यावर राहवेना.

डेमो म्हणजे अक्षरशः नाटकाचा प्रयोग. तुमच्या एका हातात फोन देतात, दुसरा हात खांद्याच्या रेषेत आडवा ताणून धरायला सांगतात आणि वरून दाबतात, हात धपकन खाली. मग फोनला चिप लावून परत दाबतात, हात हलत नाही, टाळ्या! मी बाजूला उभा राहून फक्त दाबणाऱ्याच्या बोटांकडे बघत होतो. पहिल्यांदा तो मनगटाच्याही पुढे दाबतो आणि दुसऱ्यांदा गुपचूप कोपराकडे सरकतो. शाळेतली तरफ आठवा, खांद्याच्या जितकं जवळ दाबाल तितका जोर जास्त लागतो, शिवाय दुसऱ्या वेळी आपणही दात-ओठ खाऊन तयारच असतो. मी म्हटलं, दोन फोन घेऊ, दोघांना सारखं कव्हर घालू, चिप कुठल्या फोनला आहे ते तिसऱ्याच माणसाला माहीत असू दे, तुम्हालाही नको आणि मलाही नको. तर म्हणे, "सर, मनात निगेटिव्हिटी असली की रिझल्ट येत नाही." घ्या! म्हणजे हात खाली गेला तर दोष माझ्या मनाचा आणि वर राहिला तर कमाल चिपची.

आता वस्तूबद्दल. ब्लेडने सोलून बघितली. वर छापील प्लास्टिक, मधे चमचमणारा पातळ थर, खाली गोंद, संपलं. सर्किट नाही, काही नाही, चिप कशाला म्हणतात देव जाणे. गोंद मात्र एक नंबर आहे, खोटं कशाला बोलू.

सोलायच्या आधी टेस्ट केली होती, ती कुणालाही जमेल. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा जोर डीबीएम नावाच्या एककात दिसतो, आकडा मायनसमध्ये असतो आणि 3 ने घसरला की पॉवर निम्मी झाली असं समजायचं. 99% शोषलं जात असेल तर आकडा 20 ने घसरायला पाहिजे. फोन एकाच जागी ठेवून चिप लावली, काढली, परत लावली, आकडा आपला एरवी नाचतो तेवढाच नाचत राहिला. अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळल्यावर मात्र लगेच आपटला, म्हणजे टेस्टमध्ये खोट नव्हती.

आणि खरी गंमत पुढे आहे. सिग्नल अडला की फोन टॉवरपर्यंत पोचायला स्वतःची पॉवर वाढवतो, बॅटरी जास्त खातो. म्हणजे चिप खरंच काम करत असती तर फोन उलट जास्त जोरात ओरडला असता. ती काही करत नाही हे आपलं नशीबच म्हणायचं.

भीती कशाची विकतात तेही बघा. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, 2011 मध्ये रेडिओ लहरींना 2बी गटात टाकलं, म्हणजे कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही पण पुरावा तोकडा. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, तिच्यापासून वाचवणारी चिप अजून कुणी काढली नाही. मोबाइलच्या लहरींचा फोटॉन, म्हणजे ऊर्जेचा एक कण, साध्या उजेडाच्या फोटॉनपेक्षा लाखपटीहून कमजोर असतो, डीएनए तोडायची त्याची ताकद नाही. तरी धाकधूक असेल तर इअरफोन लावा, फोन डोक्यापासून जितका लांब तितकं बरं, फुकटात.

राजकारणही यात आहेच. इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरीच्या टाउन कौन्सिलने 5जीवर समिती नेमली, 2020 मध्ये तिचा रिपोर्ट आला आणि त्यात एका सदस्याने 339 पौंडांचा एक संरक्षक यूएसबी सुचवला. सायबर सिक्युरिटीवाल्यांनी तो खोलला तर आत 128 एमबीचा पेनड्राइव्ह निघाला! सरकारी कागदावर नाव आलं की लोकांना वाटतं कुणीतरी तपासलं असेल, इथे तर समितीच जाहिरात करून मोकळी झाली. पण निदान तो पेनड्राइव्ह निरुपद्रवी तरी होता. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने 5जीपासून वाचवणाऱ्या 10 वस्तूंबद्दल इशारा दिला, लॉकेट, झोपताना लावायचा मास्क, लहान मुलांचं ब्रेसलेट, असल्या वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी होत्या. म्हणजे नसलेल्या धोक्यावर उपाय म्हणून खराखुरा धोका गळ्यात.

कस्टमर केअर: लॅब रिपोर्ट मागितला तर आयएसओ 9001 चं सर्टिफिकेट पाठवलं. ते कंपनीचा कारभार ठरलेल्या पद्धतीने चालतो की नाही याचं असतं, वस्तू चालते की नाही याचं नाही. हे लिहून परत विचारलं तर उत्तरात दुसऱ्या चिपवर डिस्काउंटचं कूपन आलं.